एका पिवळ्या रेघेचे समाजकार्य

मे महिना सरत आला की बंगळुरूतले पालक एका गंभीर अभ्यासात गढून जातात. गणवेशाच्या हिरव्या-निळ्या चौकड्यांच्या कापडावरची पिवळी रेघ एकेरी की दुहेरी, स्कर्टचा मरून रंग गेल्या वर्षीचा की यंदाचा, असे त्या अभ्यासाचे विषय असतात. काही असंतुष्ट लोक याला खासगी शाळांनी पालकांच्या मागे लावलेले शुक्लकाष्ठ म्हणतात. त्यांची दृष्टी तोकडी आहे. हे लोकशिक्षण आहे, आणि त्याबद्दल शाळांचे आभार मानण्याचे सौजन्य आपण नागरिकांनी दाखवले पाहिजे.

या विद्येचे माहेर स्कॉटलंड. तिथल्या किल्टसाठी जे टार्टन विणतात, त्यात ताण्याला रंगीत धाग्यांचा जो क्रम, बहुधा तोच बाण्यालाही असतो. अख्खी चौकडी त्यामुळे धाग्यांच्या आकड्यांत लिहून ठेवता येते. ब्लॅक वॉच पलटणीची निळी-हिरवी-काळी चौकडी घ्या. तिच्यात पिवळी रेघ घातली की ती गॉर्डनांची होते, पांढरी आणि तांबडी घातली की मॅकेन्झींची. रेघेवरून कूळ ठरते. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईच्या रणात शिंद्यांच्या तोफांवर चालून आलेल्या 78व्या हायलंडर पलटणीचे टार्टन हे मॅकेन्झीच होते. आपल्या पूर्वजांना त्या गडबडीत रेघा मोजायला सवड झाली नसावी. ती उणीव त्यांचे बंगळुरूवासी वंशज आता दरवर्षी दुकानाच्या काउंटरपाशी भरून काढत आहेत.

कोणी म्हणेल, स्कॉटलंडची गोष्ट वेगळी, तिथे शतकांची परंपरा आहे. परवा ठरलेल्या चौकडीला शाळेने आपला वारसा म्हणावे काय? अवश्य म्हणावे. इतिहास शाळांच्याच बाजूचा आहे. 1746 च्या कायद्याने स्कॉटलंडच्या हायलंडर पुरुषांच्या किल्ट-टार्टनच्या पोशाखावर बंदी आली आणि ती 1782 मध्ये उठली. सूट होती ती फक्त फौजेला. पुढे बॅनॉकबर्नच्या विल्सन या विणकर कंपनीने 1819 मध्ये दोनशेहून अधिक नमुन्यांची वही तयार केली. तिच्या कित्येक नमुन्यांना आधी नुसते क्रमांक होते, कुळांची नावे नंतर चिकटली. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. सर वॉल्टर स्कॉट यांनी त्या सोहळ्याचा थाट टार्टनमध्ये मांडला, तेव्हा आपल्या कुळाची चौकडी नेमकी कोणती याचा शोध घ्यायची वेळ बऱ्याच सरदारांवर आली. 1842 मध्ये दोघा भावांनी एका प्राचीन हस्तलिखिताचा हवाला देऊन कुळाकुळांच्या टार्टनांचे पुस्तकच छापले. ते हस्तलिखित खोटे निघाले, त्यातली टार्टने मात्र आजही अभिमानाने नेसली जातात. तात्पर्य, परंपरा जुनी असावी लागत नाही. ती दुकानात उपलब्ध असली म्हणजे पुरे.

कायद्याच्या बाबतीतही आपल्या शाळांचे वर्तन अनुकरणीय आहे. कर्नाटकाच्या 1995 च्या शिक्षणसंस्था नियमांनुसार एकदा ठरवलेला गणवेश पाच वर्षे बदलता येत नाही, आणि बदलायचाच तर पालकांना निदान एक वर्ष आधी कळवावे लागते. जबाबदार शाळा हा नियम मोडत नाहीत. त्या गणवेश बदलत नाहीत, फक्त रेघ बदलतात. रेघ म्हणजे काही गणवेश नव्हे! थोरलीचा स्कर्ट धाकटीच्या उपयोगी पडत नाही, ही यातली आनुषंगिक सोय. बहिणीची उतरलेली वस्त्रे वापरण्याची मानहानी धाकटीच्या वाट्याला येत नाही, आणि तिच्या स्वाभिमानाची किंमत भरण्याची संधी वडिलांना मिळते.

सीबीएसईने 2017 मध्ये शाळांना बजावले की आवारात पुस्तके आणि गणवेश विकण्याचा धंदा करू नका. शाळांनी तेही मनावर घेतले. आता अनेक शाळा काही विकत नाहीत. त्या केवळ एका दुकानाचा पत्ता देतात. ज्या चिकपेटेत धोतरापासून शालूपर्यंत हवे ते कापड मिळते, तिथे नेमकी हीच चौकडी मिळू नये, अशी व्यवस्था लावणे येरागबाळ्याचे काम नव्हे. त्यामागे नियोजन आहे. असे नियोजन शहराच्या सांडपाण्याच्या वाट्याला आले असते, तर पावसाळ्यात आपण सारे कोरडे राहिलो असतो.

रंगछटांचा विषय याहून नाजूक आहे. स्कॉटलंडच्या गिरण्या एकच टार्टन निरनिराळ्या छटांत विणतात. ‘मॉडर्न’ म्हणजे गडद, ‘एन्शंट’ म्हणजे जुन्या वनस्पतिरंगांची आठवण देणारी फिकी, आणि ‘वेदर्ड’ म्हणजे उन्हापावसात वर्षानुवर्षे पडून राहिल्यासारखी विटकी. विटकेपणा तिथे मुद्दाम विणतात, आणि लोक तो रोख पैसे मोजून घेतात. बंगळुरूत बोअरवेलचे जड पाणी आणि गच्चीवरचे ऊन हेच काम फुकट करतात. ज्या मुलीकडे एकच स्कर्ट आहे, तिचा स्कर्ट दिवाळीपर्यंत आपोआप ‘वेदर्ड’ होतो. वर्गशिक्षिका लगेच डायरीत लाल शाईने त्याची नोंद करतात. वर्गात कोणाच्या घरी काय परिस्थिती आहे, हे पालकांचे उत्पन्नाचे दाखले न मागता एका नजरेत कळावे, याहून पारदर्शक कारभार तो कोणता?

सरकारही या शुद्धतेला हातभार लावत आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून येणाऱ्या गरीब मुलांमुळे विटक्या छटा वर्गात वाढण्याचा धोका होता. राज्याने 2018-19 मध्ये नियम बदलले. जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या जागा देण्याचे बंधन राहिले नाही. चौकड्या पुन्हा बऱ्याच एकरंगी झाल्या. सरकारी शाळांत मुळात चौकड्यांचा व्याप कमी. तिथे प्रश्न साधा असतो, गणवेशाचा दुसरा जोड मिळणार की नाही एवढाच. तो मिळावा म्हणून 2019 मध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. एकाच शहरात काही मुलांना दुसऱ्या जोडासाठी न्यायालय लागते, आणि काहींना खेळाचा, हाऊसचा, समारंभाचा असे निरनिराळे जोड सक्तीने मिळतात. समतोल म्हणतात तो हाच असावा.

राहता राहिली हवामानाची तक्रार. लोकरी किल्ट थंड डोंगराळ मुलखासाठी होता, पॉलिएस्टरचा चुण्यांचा स्कर्ट एप्रिलच्या उन्हात कशाला, असे काही आया विचारतात. घाम ही श्रमाची खूण आहे, आणि श्रमसंस्कार शाळेने नाही द्यायचा तर कोणी?

या साऱ्याला आता संस्थात्मक रूप यावे. स्कॉटलंडने 2009 पासून टार्टनांची सरकारी नोंदवही ठेवली आहे. बंगळुरूनेही शालेय चौकड्यांची ठेवावी. प्रवेशाच्या वेळी पालकांची रंगओळख परीक्षा घ्यावी आणि तिचे शुल्क अर्थातच वेगळे आकारावे. पुढच्या पालकसभेत एखादा गृहस्थ उठून 1995 चा नियम वाचून दाखवू लागला, तर त्याला आदरपूर्वक खाली बसवावे, ही सर्व सुजाण पालकांना विनंती. एकच चौकडी पाच वर्षे टिकली, तर शाळांना शिकवण्याकडे लक्ष द्यावे लागेल.