रोज दोनच

अहो ताई, जरा भिंतीशी या ना. राहू देत ते कपडे, पाच मिनिटांनी वाळत घातले म्हणून काही बिघडत नाही. आणि हळू बोला. पलीकडच्या वहिनी अंगणात नाहीत ना? मग ऐका. पण कोणाला सांगायचं नाही हं. मी तुमच्याशिवाय कोणाकडे बोलले नाहीये. म्हणजे आमच्या ह्यांच्याकडे बोलले, आणि रात्री फोनवर धाकट्या जावेकडे. बस्स.

काल दुपारी मी जरा आडवी होतेय तोच वहिनींची हाक आली, "अहो सोलापूरकर, आहात का घरी?" आवाज असा की मला वाटलं त्यांच्या यजमानांना, भाऊंनाच काही झालं. पळत गेले, तर बाई पदराखाली स्टीलचा डबा धरून उभ्या. डब्यावर सूनबाईंच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली : रोज दोनच.

तुम्हाला ठाऊक आहे ना, गुडघ्यांसाठी डॉक्टरांकडे गेल्या होत्या तेव्हा त्यांनी विचारलं, दिवसभरात प्रथिनं किती जातात पोटात? वहिनी म्हणाल्या, वरण-भात असतो की रोज! सूनबाईंनी घरी येऊन हिशेबच मांडला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितलीत म्हणे. वहिनींचं वजन साठ, म्हणजे झाले पन्नास ग्रॅम. आणि यांचं वरण म्हणजे डाळीचं नुसतं दर्शन! वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम मिळायचे, यांच्या पातळ वरणात तेवढेही नाहीत. अंडं तर त्या घरात आणतसुद्धा नाहीत.

मग सूनबाईंनी ते चॉकलेटचे लाडू सुरू केले. नवऱ्याच्या जिमसाठी ती आधीपासूनच करायची. ती त्यांना 'नो-बेक प्रोटीन बाइट्स' म्हणते. मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी विचारलं, नो-बेक म्हणजे गं काय? तर म्हणाली, "काकू, ओव्हनची गरजच नाही." मी म्हटलं, बाई गं, माझ्या आख्ख्या आयुष्यात मी काही बेक केलेलं नाही, म्हणजे मी चाळीस वर्षं नो-बेकच करतेय की! त्यांच्याकडे ओव्हन आहे, नाही असं नाही. त्यात वहिनी पापडाचे डबे ठेवतात.

तर रविवारी संध्याकाळी तिने चोवीस लाडू केले. तिघांना रोज दोन-दोन म्हणजे दिवसाला सहा. भाऊ काही त्यांना हात लावत नाहीत, त्यांना वास आवडत नाही. सोमवार-मंगळवारचे बारा गेले, तर काल डब्यात बारा हवेत की नको? होते पाच.

"सात कुठे गेले?" मी विचारलं. वहिनी जास्वंदीकडे बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "रात्री झोप लागत नाही हो."

मला हसू आवरेना. सोमवारी रात्री चार आणि मंगळवारी तीन! अहो, एका लाडवात पाच ग्रॅम प्रथिनं असतात खरी, पण उष्मांक एकशेदहाच्या आसपास. चार लाडू म्हणजे जेवणावर आणखी चार पोळ्या झाल्या. मी तसं म्हटलं तर म्हणतात कशा, "पोळ्यांना चॉकलेट कुठे लावलेलं असतं?" सूनबाई साडेपाचला बँकेतून यायच्या, त्याच्या आत सात लाडू करून डब्यात भरायचे, हा यांचा बेत. तिने मोजून ठेवलेत याची खात्रीच होती. बँकेतली ती, मोजल्याशिवाय राहील का?

आता त्या लाडवांना लागणारं पीनट बटर आणायचं तर दुकान चार वाजता उघडणार. मी म्हटलं, वहिनी, मी सोलापूरची आहे. शेंगाचटणी कुटतात तिथली. आमच्याकडे उखळात चटणी तेल सुटेपर्यंत कुटत नाहीत तोवर तिला कोणी चटणी म्हणत नाही. पीनट बटर म्हणजे तोच प्रकार, फक्त तिखट-लसणाआधी थांबायचं. वाटीभर दाणे मंद आचेवर खरपूस भाजले, सालं चोळून सुपात पाखडली आणि कोमट असतानाच मिक्सरला लावले. गार झाले की तेल लवकर सुटत नाही. एवढेसे दाणे मोठ्या भांड्यात पात्याखाली येत नाहीत, म्हणून माझं नेहमीचं छोटं भांडं काढलं. आधी कूट झालं. मग ते भांड्याच्या कडांना जाऊन चिकटलं आणि पातं नुसतंच फिरायला लागलं. इथेच लोक घाबरून पाणी घालतात आणि मातेरं करतात. चमच्याने खरवडायचं, मिक्सरला दम खाऊ द्यायचा आणि पुन्हा फिरवायचं. मग त्याचा एक गोळा होऊन गरगर फिरतो आणि एका क्षणी ढिला पडतो. अहो, एकदम चकचकीत होऊन वाहायला लागतं! वहिनी म्हणाल्या, "अगबाई, हे तर तूपच झालं."

मग सूनबाई लाडवांत घालतात त्या प्रथिनांच्या पावडरीचा प्रश्न होता. ती व्हे पावडर म्हणजे मूळ चीज करताना निथळलेलं पाणीच. आपण पनीरचं पाणी कणकेत घालतो ना, त्याचा थोरला भाऊ. ते गाळून, आटवून, वाळवून भुकटी करतात आणि किलोला काही हजार रुपये घेतात. एका मापात चोवीसेक ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ती लबाडी नाही. पण डबा सूनबाईंच्या कपाटात कुलपात. मग मी पंढरपुरी डाळं काढलं. शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं त्यातही असतातच. बारीक दळलं, चाळलं, चार चमचे कोको घातला, ओट्सचं पीठ आणि कुटलेला खजूर घालून मळलं. खरं सांगू? त्या पावडरीने लाडू तोंडात खडूसारखे होतात, घोट घोट पाणी प्यावं लागतं. डाळ्याचे कसे खमंग, मऊ झाले. पण एवढ्यावरून 'आपले जुने लाडूच बरे' असलं काही मी म्हणणार नाही. आपल्या दाण्याच्या लाडवात गूळ किती जातो ते मला माहीत आहे. सूनबाईंचा हिशेब चोख आहे.

खरा घोळ चॉकलेटचा झाला. तिची लादी घरात होती, ती सापडली. दुकानात दोन प्रकारच्या लाद्या मिळतात बघा. एकीत कोको बटर असतं आणि दुसरीत स्वस्तातलं वनस्पती तेल घातलेलं असतं, ते कंपाउंड. तिची पहिली. उकळत्या पाण्यावर वाटी ठेवून वितळवत होतो, छान पातळ होत होतं. तेवढ्यात वहिनींनी वरचं झाकण उचललं. मुळात झाकण ठेवलं कुणी तर त्यांनीच. त्याच्या आतलं वाफेचं पाणी टपकन चॉकलेटमध्ये! चार थेंब असतील. चॉकलेट बघता बघता आळलं, रवाळ गारा झाला. त्यात साखर असते ना, तिला जरासं पाणी लागलं की ती सगळी एकमेकींना चिकटते. वहिनी रडकुंडीला आल्या. मी त्यात चमचा-चमचा गरम दूध घालून घोटत राहिले. थोड्या पाण्याने बिघडतं आणि जास्त पाण्याने सावरतं, असं आहे ते. पण सावरलं तरी सॉस झाला, लाडवांवर कडक बसणारं काही उरलं नाही. तो पिठातच घातला आणि वर लावायला उरलेल्या लादीचे तुकडे वितळवले. या खेपेला झाकणाशिवाय, आणि वहिनींना दोन हात लांब उभं करून.

नऊ झाले. दोन आम्ही चव बघायला खाल्ले, उरले बरोब्बर सात. पण सूनबाईंचे कसे काट्यावर तोललेले, सगळे सारखे. आमच्यातला एक बोराएवढा तर एक लिंबाएवढा. तळाशी आमचे घालून वर तिचे पाच रचले. आणि ताई, एप्रिल आहे हो! सांगलीच्या दुपारी पारा ३८-३९ वर, आणि ते कोको बटर चौतिसाच्या आसपासच विरघळतं. डबा भिंतीवरून त्यांच्या हातात देईपर्यंत वरचं चॉकलेट माझ्या बोटांना लागलं. पळा म्हटलं, थेट फ्रिजमध्ये!

वहिनी खूश. मीही हात-बित धुऊन, मिक्सर आवरून, काही घडलंच नाही अशी बसले.

सहा वाजता परत हाक. या वेळी सूनबाई. कामावरच्याच साडीत, चेहरा अगदी गंभीर. हातात अर्धा खाल्लेला लाडू, लिंबाएवढ्यातला.

"काकू, एक विचारू का?"

"विचार की."

"डब्यात बाराच्या बारा आहेत." लाडू नाकाशी नेऊन तिने पुन्हा हुंगला. "पण काकू, चॉकलेटला लसणाचा वास कधी येतो हो?"

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, ते छोटं भांडं! चटणीचं. कितीही घासलं तरी ते काही लसूण सोडत नाही, माझ्या लक्षातच राहिलं नाही. वहिनींच्या घरातून एकदम टीव्हीचा आवाज वाढला.

मी म्हटलं, "फ्रिजमध्ये काहीतरी उघडं राहिलं असेल गं." ती काही बोलली नाही. उरलेला अर्धा लाडू तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी डाळं जरा कमी घाला. आणि मीठ हवं होतं चिमूटभर."