रोल्समधली कणीक

कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला बाहेर पडते. तीसच्या दशकातली जर्मन गाडी. सीमोल्लंघनासाठी दसरा चौकात येते, दुतर्फा माणसं माना उंचावून बघतात, सोनं लुटून झालं की गाडी परत राजवाड्यात जाते. भारी गाडीनं राहावं ते असं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मँचेस्टरला माझ्या लेकीच्या शेजारी राहणाऱ्या प्लंबरला मात्र ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

त्याच्या दारात १९७४ सालची रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो उभी असते. उभी असते ती रात्रीपुरती. सकाळी ती दोन नातवंडांना शाळेत सोडते, तिथून कुत्र्याला मैदानावर नेते, अधूनमधून त्याच्या म्हाताऱ्या आईला दवाखान्यात पोचवते आणि शनिवारी बागेतला पालापाचोळा भरून महापालिकेच्या कचरा केंद्रावर जाते. त्याच्याकडे कामाची व्हॅन आहे. पण तिकडे व्हॅन दिसली की धंद्याचा कचरा आणला असेल म्हणून नियम कडक होतात, परवाना विचारतात. रोल्स-रॉइसला कुणी काही विचारत नाही. बाँबसारखं फुटायला आलेलं गवताचं पोतं तो त्या डिकीतून ज्या सहजतेनं ओढून काढतो, ते बघताना माझ्याच पोटात गोळा येतो.

आपल्याकडे या गाडीत कचरा भरण्याची एक गोष्ट फार वर्षं फिरते आहे. अलवरच्या महाराजांचा लंडनच्या दुकानात अपमान झाला, म्हणून त्यांनी रोल्स विकत घेतल्या आणि झाडू बांधून शहराच्या सफाईला लावल्या, अशी. पुरावा कुणी देत नाही, पण सांगणाऱ्याची छाती दर वेळी दोन इंच फुगते. शेजाऱ्याला ती सांगितली तर त्याला त्यातला अपमानच कळेना. ‘गाडीत कचरा नेला, मग?’ असा त्याचा चेहरा. ‘पण डिकीत ताडपत्री घातली होती ना त्यांनी?’ एवढीच चौकशी त्यानं केली.

मँचेस्टरात ही गाडी तशी माहेरीच आहे. हेन्री रॉइसचा कारखाना याच गावात कुक स्ट्रीटवर होता. त्यानं एक जुनी फ्रेंच डेकोव्हिल गाडी घेतली, तिच्यातल्या उणिवा त्याला बघवेनात, म्हणून १९०४ साली त्यानं स्वतःच गाडी तयार केली. त्याच वर्षी मे महिन्यात इथल्या मिडलँड हॉटेलात चार्ल्स रोल्सशी त्याची गाठ पडली. पुढे कारखाना डर्बीला गेला, मग क्रूला, आणि नावाभोवती राजेमहाराजे जमले. पण मुळात हे सगळं एका कारागिरानं सेकंडहँड गाडीशी केलेल्या झटापटीतून आलेलं आहे. प्लंबर रविवारी बॉनेट उघडून डोकं आत घालतो तेव्हा परंपरा चालवतोय ती तोच, असं मला वाटतं. काचेमागे गाडी ठेवणारे नव्हेत.

त्यात सिल्व्हर शॅडो ही तर मालकानं स्वतः चालवावी म्हणूनच केलेली. १९६५ साली ती आली तेव्हा आधीच्या सिल्व्हर क्लाउडपेक्षा बाहेरून आटोपशीर आणि आतून ऐसपैस होती. काळ बदलत होता. टोपीवाला ड्रायव्हर ठेवणारी घरं कमी होत होती, आणि पैसेवाला माणूस शनिवारी स्वतःच बायकामुलांना घेऊन निघत होता. म्हणजे घरगुती गाडीचा विचार क्रूच्या कारखान्यातच झाला होता. तो अमलात यायला गाडी जुनी होऊन प्लंबरच्या हाती यावी लागली, एवढंच.

नवी होती तेव्हा हिच्या किमतीत इंग्लंडात चांगलं घर येत असे. आज बऱ्या अवस्थेतली शॅडो एखाद्या नव्या छोट्या गाडीपेक्षा स्वस्त मिळते. यात लबाडी अशी की गाडीची किंमत उतरते, तिचा खर्च उतरत नाही. सुटे भाग अजून रोल्स-रॉइसचेच लागतात आणि बिलही त्याच इतमामानं येतं. ब्रेक आणि मागचा भाग समतोल ठेवायची यंत्रणा दोन्ही उच्च दाबाच्या तेलावर चालतात. ही समतोलाची युक्ती सित्रोएन या फ्रेंच कंपनीकडून परवाना घेऊन आणलेली. तेलसुद्धा आरआर ३६३ नावाचं खासच लागतं. पुढच्या मॉडेलमध्ये वेगळं खनिज तेल आलं. ते चुकून हिच्यात ओतलं तर आतली सगळी रबरी सीलं फुगून कामातून जातात. शेकडो हौशी माणसांचे संसार या नळ्यांपाशी येऊन अडलेले आहेत म्हणे. शेजारी निर्धास्त असतो. ‘दाबाखालच्या नळ्याच आहेत ना शेवटी,’ तो म्हणतो, ‘मी आयुष्यभर दुसरं काय केलं?’

इंजिन पावणेसात लिटरचं. त्याची ताकद किती, हे कंपनी बरीच वर्षं सांगतच नसे. कुणी विचारलंच तर ‘पुरेशी’ असं उत्तर. मला हे ऐकून कंपनीबद्दल एकदम आपलेपणा वाटला. चवीपुरतं मीठ घालणाऱ्या घराण्यातली मी. पण पेट्रोलच्या बाबतीत ‘पुरेसं’ असं काही नसतं. लिटरला चार-साडेचार किलोमीटर, आणि टाकी शंभर लिटरच्या वर. ती भरताना पंपावरचे आकडे बघायचे नाहीत, असा त्यांच्या घरचा नियम आहे.

मी त्या गाडीत बसले ती जावयामुळे. जावयाची गाडी नवी, विजेवरची, करारानं घेतलेली. करार संपला की परत द्यायची आणि देताना प्रत्येक ओरखड्याचे पैसे कापून घेतात. म्हणून तिच्यात बसायचे नियम आहेत. आत काही खायचं नाही. ओले बूट झटकून मगच पाय आत. नातीला वेफर्सची पुडी हवी असेल तर ती फुटपाथवर उभं राहून संपवायची. जावईबापू एरवी देवमाणूस, पण त्या गाडीचं दार मी जरा जोरात लावलं की त्यांचा श्वास अडकलेला ऐकू येतो. तर ती गाडी सर्व्हिसिंगला गेली होती, आणि आम्हाला रशोमला विल्मस्लो रोडवर किराणा आणायला जायचं होतं. शेजारी म्हणाला, मी त्याच बाजूला निघालोय, चला.

मागच्या सीटवर आधी कुत्रा होता. त्यानं नाखुशीनं जागा दिली. कातडं जुनं, बारीक सुरकुत्या पडलेलं, हाताला मऊसूत. अक्रोडाच्या लाकडाच्या पट्टीवर पोराच्या मेणखडूची एक निळी रेघ. पुसली कशी नाही म्हणून मी बोटानं घासून बघितली तर निघत होती, म्हणजे पुसायला कुणाला सवड झाली नव्हती. मागे दोन्ही कोपऱ्यांत बायकांना तोंड बघायला दिव्याचे आरसे आहेत. मी बघून घेतलं. सिगारच्या राखेसाठी केलेल्या रक्षापात्रात टॉफीचे कागद आणि एक दुधाचा दात. वास अर्धा कातड्याचा, अर्धा भिजलेल्या कुत्र्याचा. पण गाडी चालू लागली आणि रस्त्यावरचे खड्डे जणू कुणीतरी आधीच जाऊन बुजवून ठेवले होते. गिअरचा दांडा शेजारी करंगळीनं हलवत होता.

रशोमला कणकेची पोती, तांदूळ, तूरडाळ, तेलाचे डबे असं सगळं डिकीत चढलं. गाडीचं बूड खाली बसलं. दुकानातला पोऱ्या हसला. शेजाऱ्यानं इंजिन चालू केलं आणि म्हणाला, बघा आता. क्षणभर काहीच नाही. मग ते बूड सावकाश, कुणाला कळू न देता उठायला लागलं आणि पूर्वीच्या उंचीला येऊन थांबलं. सरदार-उमरावांच्या सामानसुमानासाठी केलेली सोय, तिनं माझ्या कणकेत आणि त्यांच्या पेट्यांत तसूभर फरक केला नाही.

अडचणी येतात त्या भलत्याच. इथे गाडी लावायचे पांढरे चौकोन सहसा ४.८ मीटरचे आखतात आणि शॅडो साधारण ५.१७ मीटरची. त्यामुळे सुपरमार्केटात तिचं तोंड कायम फूटभर बाहेर. नवी फँटम तर पावणेसहा मीटरच्या वर जाते. तिच्या दारात छत्री ठेवायची खास नळी असते म्हणतात, पण ती छत्री उघडायला जागा कुठे लावल्यावर मिळेल कोण जाणे. दुसरी अडचण लोकांची. चौकात थांबलं की माणसं वाकून मागे बघतात, लग्नाच्या गाड्या म्हणून या इतक्या वापरल्या गेल्यात की नवरी दिसेल अशी त्यांची अपेक्षा असते. दिसतो कुत्रा. त्या दिवशी कुत्र्याशेजारी नऊवारी नसली तरी सहावारीत मी होते, लोकांनी काय तर्क केला असेल तो असो.

आणि एक सुखद अन्याय. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपुढच्या गाडीला रस्ता-कर माफ असतो. लंडनला नेली तर तिथल्या धूरबंदी क्षेत्रात जुन्या डिझेल गाडीला दिवसाला साडेबारा पौंड पडतात, हिला तेही नाहीत. गल्लीतली सगळ्यात खादाड गाडी सरकारच्या लेखी वारसा म्हणून फुकट हिंडते. जावई हा विषय निघाला की उठून चहा टाकायला जातात.

शांततेचं म्हणाल तर त्यावर आता रोल्सचा मक्ता राहिलेला नाही. डेव्हिड ओगिल्व्हीनं १९५८ साली जाहिरात केली होती, साठ मैलांच्या वेगानं जातानाही नव्या रोल्स-रॉइसमध्ये सर्वांत मोठा आवाज घड्याळाचा येतो. जावयाच्या गाडीत तर तेवढाही येत नाही, घड्याळच पडद्यावर आहे. मग चैन म्हणून उरतं काय? मला त्या मागच्या सीटवर जे मिळालं ते एवढंच, की मी तेलाचा डबा आडवा ठेवला तरी कुणाचा श्वास अडकला नाही.

पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला एक मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याच्याकडेही १९७४ चीच शॅडो होती. त्याला गाडी चालवता येत नसे. तो मागे बसे. आणि ओरेगॉनात ओशोंकडे ९३ रोल्स होत्या, त्यातली एक घेऊन ते रोज फेरी मारत, दुतर्फा भक्त उभे. मला विचाराल तर या दोघांपेक्षा प्लंबरनं गाडी जास्त भोगली. त्याला तिच्या सीलांपासून दुधाच्या दातापर्यंत सगळं माहीत आहे.

पुण्यात आमच्या सोसायटीत एक अवाढव्य जर्मन गाडी आहे. ड्रायव्हर रोज सकाळी ती पुसतो. सीटवरचं प्लास्टिक दुसऱ्या वर्षीही शाबूत आहे आणि बसताना ते चर्रकन वाजतं. बोळात वळत नाही, गतिरोधकाला पोट घासतं, मंडईत लावायला जागा नाही, म्हणून मालकीणबाई भाजीला रिक्षानं जातात. परवा जिन्यात भेटल्या, हातात दोन जड पिशव्या. शेजाऱ्याची हकीकत सांगितली तर म्हणाल्या, ‘अहो पण कोथिंबिरीचा चिखल लागला तर?’

लागतो. पुसला की जातो. तेव्हा दारात असली गाडी असेलच तर आज संध्याकाळी ते प्लास्टिक फाडा आणि पोरांना घेऊन भेळ खायला जा. नसेल आणि घ्यायचं मनात असेल, तर आधी टेप घेऊन पार्किंगची जागा मोजा आणि ओळखीत एखादा चांगला प्लंबर आहे का बघा.