तंबू कुठे ठोकावा: इंग्लिश खाडीच्या अलीकडे की पलीकडे?

ब्रिटनमधल्या कुटुंबाने उन्हाळ्याच्या सुट्टीत तंबूत राहायचे ठरवले, की सर्वप्रथम एका प्रश्नाचा निकाल लावावा: हाल सोसायचे आहेत की बिऱ्हाड थाटायचे आहे? हाल सोसायचे असतील तर मायदेशी, म्हणजे ब्रिटनमध्येच राहावे. बिऱ्हाड थाटायचे असेल तर गाडी फेरीबोटीत घालून फ्रान्स गाठावा. ज्यांना दोन्ही हवे त्यांच्यासाठी ब्रिटनी प्रांत आहे. तिथे फ्रेंच सोयी आणि ब्रिटिश पाऊस एकाच तिकिटात मिळतात.

या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे आणि तंबू घेण्याआधी तो समजून घेणे हिताचे. ब्रिटिश कॅम्पिंगचा मूळपुरुष थॉमस हायराम होल्डिंग हा पेशाने शिंपी. लहानपणी, १८५३ साली, त्याने आईवडिलांसोबत गाड्यांच्या तांड्यातून अमेरिकेची माळराने पार केली होती. तो नाद त्याला जन्मभर पुरला. पुढे सायकलवर नेता येईल असा हलका तंबू त्याने स्वतः शिवला आणि १९०१ मध्ये वाँटेज गावाजवळ मोजक्या मंडळींसह मुक्काम करून सायकलस्वार तंबूवाल्यांची संघटना काढली. आजचा कॅम्पिंग अँड कॅरव्हॅनिंग क्लब हा तिचाच वंश. या घराण्याचे अध्यक्षपद कॅप्टन स्कॉट यांनी भूषवले, आणि नंतर स्काउट चळवळीच्या बेडन-पॉवेल यांनी. स्कॉट दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये तंबूतच गारठून गेले. ज्या क्लबला असा अध्यक्ष लाभला, त्याच्या सभासदाला शॉवरचे पाणी कोमट आहे म्हणून कुरकुर करायला तोंड उरत नाही. ब्रिटिश कॅम्पर बहुधा तशी कुरकुर करतही नाही. तो फक्त हवेबद्दल बोलतो.

फ्रान्समध्ये कथा सरकारी राजपत्रातून सुरू होते. १९३६ मध्ये लेओं ब्लूम यांच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. हॉटेलचे पैसे खिशात नाहीत आणि रजा मात्र हातात, अशी माणसे तंबू घेऊन समुद्राकडे निघाली. १९५६ मध्ये तिसरा आठवडा मिळाला, १९६९ मध्ये चौथा, १९८२ मध्ये पाचवा. एवढी रजा असलेला माणूस मोहिमेवर कशाला जाईल? तो फ्रीज, टेबलक्लॉथ, सासू आणि कुत्रा घेऊन दरवर्षी त्याच कॅम्पसाइटवर त्याच झाडाखाली राहायला जातो.

आधी स्वदेशी पर्याय पाहू.

जागा निवडताना पावसाचा आकडा बघू नये, मन खचते. तरीही बघायचाच असेल तर लेक डिस्ट्रिक्टमधल्या सीथवेटचा बघावा. इंग्लंडमधले हे सर्वांत ओले वस्तीचे ठिकाण. वर्षाला तीन मीटरहून जास्त पाऊस. म्हणजे मुंबईपेक्षा जास्त, आणि मुंबईसारखे चार महिन्यांत उरकून मोकळे होण्याची पद्धत तिथे नाही. तिथल्या शेतावर लोक हौसेने तंबू ठोकतात. मेखा ठोकाव्यात, तणावे ताणावेत, वाऱ्याच्या दिशेला रंगीत पट्ट्यांची कनात उभारावी आणि तिच्या आडोशाला खुर्ची मांडून, अंगात अनोरक घालून, समाधानी चेहऱ्याने चहा प्यावा. समाधान जमत नसेल तर चहा वाढवावा.

हिरव्यागार कुरणाचे फोटो पाहून कोणी हुरळू नये. ‘कॅरी ऑन कॅम्पिंग’ हा १९६९ चा गाजलेला विनोदी चित्रपट ऐन उन्हाळ्यात घडतो. त्याचे चित्रीकरण मात्र आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत पाइनवुड स्टुडिओच्या आवारात झाले. चिखल झालेल्या जमिनीवर हिरवा रंग फवारून कुरण तयार केले आणि नट्या बिकिनीत कुडकुडत उन्हाळा साजरा करत राहिल्या. ब्रिटिश उन्हाळ्याविषयी इतके प्रामाणिक दस्तऐवज थोडेच सापडतील.

शेजारधर्माचे नियम साधे आहेत. आगीच्या भीतीने दोन तंबूंमध्ये साधारण सहा मीटर अंतर ठेवण्याची रीत आहे. त्या सहा मीटरपलीकडून शेजाऱ्याचे घोरणे, भांडण आणि झिपची करकर स्पष्ट ऐकू येते. आपल्याला काहीच ऐकू आले नाही असे सकाळी दोन्ही पक्षांनी दाखवायचे असते. थंडी कितीही वाजो, बार्बेक्यू तंबूत आणू नये, विझत आलेला तर मुळीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि ही सूचना थट्टेची नाही.

ज्यांना कॅम्पसाइटचे कुंपणच नको वाटत असेल त्यांनी आधी वकील गाठावा. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने उघड्या रानात जबाबदारीने तंबू ठोकता येतो. लॉख लोमंडच्या काठी मात्र काही पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो. इंग्लंडमध्ये असा हक्क जवळजवळ कुठेच नाही. अपवाद डार्टमूरचा, आणि तोही थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८५ च्या कायद्याने तिथल्या सामायिक माळावर लोकांना पायी किंवा घोड्यावरून, मोकळ्या हवेतल्या विरंगुळ्यासाठी फिरता येते. जमीनमालकांचे म्हणणे असे, की तंबूत झोपलेला माणूस पायी नसतो आणि घोड्यावर तर नसतोच. जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाला हे पटले. सहा महिन्यांनी अपील न्यायालयाला पटले नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की तंबूत झोपणे हाही मोकळ्या हवेतला विरंगुळाच. पहाटे तीन वाजता डार्टमूरवर तंबूत पाणी शिरलेल्या माणसाने हे निकालपत्र उशाशी ठेवावे. आपण विरंगुळा भोगत आहोत, याचा कायदेशीर पुरावा हाताशी असलेला बरा.

आता फ्रान्स. तिथे सात हजारांहून जास्त कॅम्पसाइट आहेत आणि त्यांना हॉटेलांसारखे एक ते पाच तारे मिळतात. पाच ताऱ्यांच्या ठिकाणी घसरगुंड्यांचा जलमहाल, मुलांचा क्लब आणि रात्री नाचगाणे. दुसऱ्या टोकाला गावच्या नगरपालिकेची साइट: नदीकाठ, झाडांची सावली, स्वच्छ नळ आणि संध्याकाळी पैसे गोळा करायला येणारा एक रखवालदार. प्रस्तुत मार्गदर्शकाचे मत विचाराल तर दुसरी निवडावी. पहिल्या प्रकारात माणूस घसरगुंडीच्या रांगेत इतका वेळ उभा असतो, की फ्रान्स पाहायचा राहूनच जातो. तंबू ठोकायचाही ज्यांना कंटाळा आहे त्यांची सोय ब्रिटिश कंपन्यांनी कधीच करून ठेवली आहे. कॅनव्हास हॉलिडेज या कंपनीने १९६५ मध्ये आयत्या उभ्या तंबूत लोकांना नेऊन बसवायला सुरुवात केली.

जाण्याचे मार्ग दोन. फोकस्टनहून बोगद्यातली रेल्वे गाडीसकट पस्तीस मिनिटांत पलीकडे टाकते. फेरीला वेळ लागतो, पण तिची ऐट निराळी. ब्रिटनी फेरीज ही कंपनी तर १९७३ मध्ये ब्रिटनीतल्या शेतकऱ्यांनी स्वतःचे फ्लॉवर आणि आर्टिचोक इंग्लंडात विकायला काढली. रॉस्कॉफहून प्लिमथला भाजी जायची. रिकाम्या परतणाऱ्या बोटीत पुढे ब्रिटिश पर्यटक भरले. आजही बोटीच्या पोटात गाडी लावताना आपण फ्लॉवरच्या जागी उभे आहोत, एवढी नम्रता प्रवाशाने बाळगावी.

पलीकडे गाडी उजवीकडून चालते. गाडीत धोक्याचा त्रिकोण आणि चमकणारे जाकीट असलेच पाहिजे, नंबरप्लेटवर ‘यूके’ नसेल तर मागे तसा स्टिकरही लागतो. टोलनाक्याची खिडकी डावीकडे येते आणि ब्रिटिश गाडीचा चालक उजवीकडे बसलेला असतो. म्हणून शेजारी बसणाऱ्याने झोपू नये. त्याने खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लोंबकळून कार्ड टेकवायचे असते आणि मागच्या हॉर्नकडे दुर्लक्ष करायचे असते.

ब्रिटनमधल्या मराठी घरांसाठी एक खास पोटकलम. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना १८० दिवसांत ९० दिवस व्हिसा लागत नाही. पण घरात एखादा भारतीय पासपोर्ट असेल, विशेषतः उन्हाळ्यासाठी आलेल्या आजी-आजोबांचा, तर शेंगेन व्हिसा लागतो. त्याच्या अर्जासोबत निवासाचा पुरावा जोडावा लागतो. तिथे कॅम्पसाइटची पावती लावताना आजोबांचा चेहरा बघू नये. दुसरे, २०२१ पासून ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. या नियमात ब्रिटिशांचे बेकन अडकते आणि आपले साजूक तूप, पेढे, पनीरही. थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि लोणचे मात्र निर्धास्त न्यावे.

कुकर अवश्य घ्यावा. त्याच्या शिट्ट्यांनी शेजारचे फ्रेंच कुटुंब दचकले तर त्यांना त्यांचाच इतिहास सांगावा. ब्लुआजवळ जन्मलेल्या देनी पापँ यांनी १६७९ च्या सुमारास लंडनमध्ये बंद झाकणाचे वाफेचे भांडे बनवले, त्याला सुरक्षेची झडप बसवली आणि ते रॉयल सोसायटीपुढे मांडले. फ्रेंच डोके, लंडनचा मुक्काम आणि आत मराठी वरणभात. आक्षेप घ्यायला कोणाकडे जागाच नाही.

विजेच्या किटलीबाबत मात्र जपावे. ब्रिटिश किटली तीन किलोवॅट ओढते, म्हणजे सुमारे तेरा अँपिअर. साध्या फ्रेंच साइटवर बऱ्याचदा सहाच मिळतात. सकाळी सातला बटण दाबताच फ्यूज उडतो आणि रिसेप्शन उघडेपर्यंत अंधार. एक किलोवॅटखालची छोटी किटली न्यावी, नाहीतर गॅसवर आधण ठेवावे. मग प्रश्न दुधाचा. फ्रेंच दुकानातले बहुतेक दूध महिनोन्महिने टिकणारे, खोक्यातले. त्या चहाची चव लागताच ब्रिटिश माणूस खिन्न होतो. आले, वेलदोडा आणि भरपूर साखर घालून उकळणाऱ्याला फारसा फरक पडत नाही.

जुन्या साइटवर अजून भारतीय बैठकीचे शौचालय आढळते. इंग्रज पर्यटक त्याच्या आठवणी नातवंडांना सांगतात. आजोबांना मात्र युरोपात पहिल्यांदा घरचे काही भेटल्यासारखे वाटते. पोहण्याच्या तलावावर हिशेब चुकता होतो. तिथे स्वच्छतेच्या नियमाने सैल चड्डी बहुधा चालत नाही, घट्टच लागते. टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतच्या हाफपँटमध्ये अब्रू राखून डुंबणाऱ्या बाबांना काठावरच शिट्टी ऐकावी लागेल. कुकरची नव्हे.

दिनक्रम पाळावा. उद्याचा बगेत पाव आदल्या संध्याकाळी रिसेप्शनवर सांगून ठेवावा. दुपारी बारा ते दोन काही मागू नये, लोक जेवत असतात. जागांमध्ये हिरवे कुंपण असले तरी काखोटीला टॉयलेट पेपरची गुंडाळी मारून जाताना भेटेल त्याला ‘बाँजूर’ म्हणावे. न म्हणणाऱ्याला उद्धट ठरवले जाते. संध्याकाळी पेताँकचे आमंत्रण आले तर नाही म्हणू नये. पाऊण किलोच्या आसपासचा पोलादी गोळा सहा ते दहा मीटरवरच्या लाकडी गोटीजवळ टाकायचा, एवढाच खेळ. अंतर मोजण्यावरून जो वाद होतो तो निम्मी रात्र चालतो, आणि खरा खेळ तोच.

दक्षिणेत ऊन तापले की कोळशाची शेगडी पेटवू नये. वणव्याच्या भीतीने बहुतेक ठिकाणी बंदीच असते. २००६ च्या ‘काँपिंग’ या लोकप्रिय फ्रेंच चित्रपटाने पिला या वाळूच्या टेकडीच्या पायथ्याची कॅम्पसाइट घराघरात पोहोचवली. जुलै २०२२ च्या वणव्यात तिथल्या पाचही साइट जळाल्या.

परतीसाठी शनिवार टाळावा. फ्रेंच सरकारची ‘बिझाँ फ्युते’ ही सेवा १९७६ पासून रस्त्यांना हिरवा, नारिंगी, लाल, काळा असे रंग देते, आणि ऑगस्टच्या सुरुवातीचा शनिवार बहुधा काळा असतो. गाडीत वाइनला जागा ठेवावी. प्रौढ माणशी अठरा लिटर, म्हणजे चोवीस बाटल्या, विनाकर आणता येतात. चीजला मात्र ठेवू नये. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनने लाळ्या-खुरकुत रोगाच्या भीतीने युरोपीय संघातून घरापुरते मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणण्यावर बंदी घातली. जाताना तूप अडते, येताना कामाँबेर. तेव्हा उरलेले चीज कॅलेच्या गोदीत, बोटीच्या रांगेत, गाडीच्या बॉनेटवर बगेत कापून संपवावे आणि आजोबांनाही आग्रह करावा.