गाडीचं निर्माल्य

गाडीच्या तोंडावर काहीतरी चढवल्याशिवाय आम्हा वसई-विरारकरांना ती आपली वाटतच नाही. नवी गाडी जीवदानी देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी जाऊन आली की पुढे हार आणि खाली लिंबू-मिरची आलीच. दसऱ्याला झेंडू. मग शेजारचे काका सांगतात, "उंदीर वायरी कुरतडतात हो," की आतून बारीक जाळीही बसते. उंदीर खालून चढतो, हे उंदराला ठाऊक असतं, काकांना नसतं.

या सगळ्याच्या मागे रेडिएटर बिचारा वाऱ्याची वाट बघत उभा असतो. जळलेल्या पेट्रोलची साधारण तिसरा हिस्सा उष्णता कूलंटमार्फत त्यालाच बाहेर टाकायची असते. जाळीचं भोक ३ मिलिमीटरचं आणि तार १ मिलिमीटरची धरली, तर मोकळी जागा उरते ५६ टक्के. त्यात संध्याकाळचे किडे आणि चिंचोटीची धूळ अडकली की तीही आटते.

तरी एरवी काही बिघडत नाही. कंपनीने थोडी सवड ठेवलेली असते आणि गाडी पळत असली की वारा जाळीतूनही आत घुसतो. पण पळायचं कुठे? वसई फाट्यावरून वर्सोवा पुलाकडे निघालेली गाडी हायवेवर असते एवढंच. तिथे कोंडीत वारा येत नाही, तो एकट्या पंख्याला ओढून आणावा लागतो. शिवाय एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसलेला, म्हणजे आधी एसीने तापवलेली हवाच मागे पोचते.

खरी परीक्षा वरातीत. तोंडावर फुलांची चादर, पुढे बँड, वेग नाचणाऱ्या मामांच्या मर्जीवर आणि नवरदेवाचा शेरवानीत घाम निघू नये म्हणून एसी फुल्ल. आत पंखा बँडच्या वरताण घोंगावतो, काटा वर सरकतो, आणि ड्रायव्हर मामांकडे ज्या नजरेने बघतो ती व्हिडिओत येत नाही. अशा वेळी एसी बंद करून हीटर लावायचा असतो, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आत येते. मे महिन्यात हे नवरदेवाला कोण सांगणार? गाडी थांबवली तरी रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडायचं नाही. दाबाखालचं उकळतं पाणी अंगावर येतं.

कॅनडासारख्या थंड मुलखात ट्रकवाले हिवाळ्यात रेडिएटरपुढे मुद्दाम पडदा लावतात; इंजिनाला ऊब मिळावी म्हणून. आमच्याकडे पौषातही ती गरज पडत नाही. तेव्हा हौस करावी, हारही घालावा. पण देव्हाऱ्यातली फुलं दुसऱ्या दिवशी आपण न चुकता काढतो. गाडीवरची मात्र सुतळीसकट वाळून आपोआप गळेपर्यंत ठेवतो. तिचंही निर्माल्य वेळच्या वेळी काढावं, आणि हात लागलाच आहे तर जाळीवरून पाण्याचा पाइप फिरवावा. यात देवीचा कोप होण्यासारखं काही नाही. काकांचा होईल, तेवढा सोसावा.