आमचं मत पक्कं आहे, विचारू नका

देशातल्या प्रत्येक प्रश्नावर आमचं ठाम मत आहे. आरक्षण, हिंदीची सक्ती, कांद्याचे भाव, कशावरही. रोज सकाळी पेपर वाचून ही मतं आम्ही ताजी करतो आणि बाहेर पडताना घरीच ठेवून जातो.

त्याचे फायदे कोणी मोजत नाही. २२ नोव्हेंबर २०१९च्या रात्री महाराष्ट्रात पुढचं सरकार कुणाचं यावर ज्यांनी घसा फोडून पैजा लावल्या, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीवर भलताच शपथविधी पाहावा लागला. त्यांनी बाजू सावरून घेतली, तोवर चौथ्या दिवशी ते सरकारही गेलं. पुढे २०२२ साली बंडखोर आमदारांचं सुरतमार्गे गुवाहाटी झालं, २०२३ साली आणखी एक शपथविधी झाला. बोलणारी मंडळी दर वेळी तोंडावर आपटली. आमचं मत कुणाला ठाऊकच नव्हतं, त्यामुळे ते आजवर एकदाही चुकलेलं नाही.

राज्य सरकारी नोकरांचं बरं असतं. सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करायची नाही, असं त्यांच्या १९७९च्या वर्तणूक नियमांत लिहूनच दिलंय. आम्ही पडलो खासगी नोकरीतले. आम्हाला हा नियम स्वतःच करून स्वतःच पाळावा लागतो.

शिवाय पालघर आम्ही विसरलेलो नाही. २०१२ साली बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल तिथल्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तर तिला अटक झाली. ते लाइक केलं म्हणून मैत्रिणीलाही. पुढे २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ हे कलमच रद्द केलं. आमचा अंगठा मात्र अजून त्या कलमाखालीच आहे. भाच्याच्या वाढदिवसाच्या केकला लाइक देतानाही तो आधी इकडेतिकडे बघतो.

खरी कसोटी सलूनमध्ये. आरशावर पाटी, ‘येथे राजकीय चर्चा करू नये’. पाटी लावणारा आमच्या गळ्यावर वस्तरा टेकवून विचारतो, ‘‘काय साहेब, यंदा कोण?’’ आम्ही मान न हलवता म्हणतो, ‘‘तुम्हाला काय वाटतं?’’ तो सांगतो. आम्ही म्हणतो, ‘‘अगदी बरोबर.’’ शेजारच्या खुर्चीतला गृहस्थ नेमकं उलट सांगतो. ‘‘त्यांचंही खरंय,’’ आम्ही म्हणतो. दाढी गुळगुळीत होते.

निवडणुकीत उमेदवार हात जोडून दारात येतात, ‘‘काका, लक्ष असू द्या.’’ ‘‘सांगायला लागतं का? यंदा तुम्हीच!’’ असं आम्ही सगळ्यांना सांगतो. आमचं खरं मत आजवर फक्त व्हीव्हीपॅटच्या काचेमागच्या चिठ्ठीवर उमटलं आहे, तेही सात सेकंद. तेवढ्यातही आम्ही मागे वळून पाहतो.

म्हणून आम्हाला समाजाचं काही पडलेलं नाही, असं मात्र समजू नका. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन महापालिकेवर गेल्या. आमचा त्यांना पूर्ण पाठिंबा होता. गॅलरीतून मोर्चा दिसेनासा होईपर्यंत आम्ही तो दिला. नंतर आत येऊन, खिडकी लावून, एक घोषणाही दिली. त्या बायकांवर पोलिसांनी गुन्हे नोंदवले, आणि पाणी वीस मिनिटं जास्त येऊ लागलं. आमच्याही नळाला येतं. आमच्या पाठिंब्याचा एवढा तरी परिणाम व्हायलाच हवा होता.