डिस्कच्या वाटणीची बाजू

घरात लॅपटॉप एकच, त्यात हार्ड डिस्क एकच, आणि तिचे तुकडे पाडून एकावर विंडोज, दुसऱ्यावर उबुंटू, तिसऱ्यावर डेबियन नांदवायचं. या उद्योगाला शहाणी माणसं मूर्खपणा म्हणतात आणि त्यांचं चुकत नाही. दुसरी सिस्टिम वापरून पाहायची असेल तर व्हर्च्युअल मशीन आहे. विंडोजच्या आतच लिनक्स चालतं, बिघडलं तर पुसून टाकता येतं, मूळ घराला धक्का लागत नाही. तरीही या मूर्खपणाची मी मनापासून शिफारस करतो. पैसे मोजून घरी आणलेल्या यंत्रात काय आहे आणि त्यावर हुकूम कुणाचा चालतो, हे मला डिस्कची वाटणी स्वतःच्या हाताने केल्यावरच कळलं.

वाटणी म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. बांध, हिस्सा, सातबारा हे शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. हार्ड डिस्कचाही सातबारा असतो. 1983 साली आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर डॉस 2.0 आलं, तेव्हा डिस्क होती 10 मेगाबाइटची. तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये 512 बाइट. त्यातले 446 संगणक सुरू करणाऱ्या कोडचे, 64 वाटणीच्या नोंदींचे, उरलेले 2 खुणेचे. एका नोंदीला 16 बाइट लागतात, म्हणून वाटेकरी चारच. पाचवा आला तर एक हिस्सा ‘एक्स्टेंडेड’ करून त्याच्या पोटात आणखी तुकडे पाडायचे. आजच्या डिस्कवर जीपीटी नावाचा नवा तक्ता असतो. त्यात 128 नोंदींची सोय आहे आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी जपलेली असते. पण मला आदर वाटतो तो जुन्या चार नोंदींचा. आज जेमतेम काही फोटो मावतील एवढ्या डिस्कवर ज्यांनी चौघांसाठी जागा धरली, त्यांनी यंत्राचा मालक एकाच सिस्टिमला बांधलेला नसेल हे गृहीत धरलं होतं.

ही समजूत सगळ्या वाटेकऱ्यांना पटलेली नाही. आधी विंडोज टाकावं, मग लिनक्स, हा क्रम या कामातल्या प्रत्येकाला पाठ असतो. लिनक्सबरोबर येणारा ग्रब हा बूटलोडर डिस्कवर आणखी कोण राहतं ते शोधून त्याचं नाव यादीत घालू शकतो. जुन्या तक्त्याच्या डिस्कवर विंडोज मागाहून आलं तर त्या 446 बाइटांवर न विचारता आपला कोड लिहून मोकळं होतं. लिनक्स डिस्कवर जागच्या जागी असतं, फक्त त्याच्यापर्यंत जायची वाट राहत नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर अशा जोड-संगणकांपैकी अनेकांवर लिनक्स सुरूच होईना. स्क्रीनवर सुरक्षा धोरणाच्या उल्लंघनाचा संदेश येई आणि संगणक बंद पडे. ज्यांची डिस्क अखंड होती, त्यांना त्या आठवड्यात काहीच जाणवलं नाही. ‘सिक्युअर बूट’ म्हणजे काय, आपल्या संगणकात काय सुरू व्हावं हे कोण ठरवतं, हे प्रश्न पडले ते वाटणी केलेल्यांनाच.

घड्याळाचंही तसंच. मदरबोर्डवरच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक मानतं आणि लिनक्स ग्रिनिचची. त्यामुळे भारतात एका सिस्टिममधून दुसरीत गेलं की साडेपाच तासांची तफावत पडते. दोघांपैकी एकाची समजूत घातली की प्रश्न मिटतो. पण त्याआधी कधीतरी सकाळी दहा वाजता स्क्रीनवर साडेचार पाहावेत. आपण रोज ज्या वेळेवर विसंबतो तीसुद्धा कुणीतरी ठरवलेली असते, हे मला तेव्हा उमगलं.

आता माझ्या हातून झालेलं नुकसान. एकदा नवी सिस्टिम टाकताना ‘एसडीए 6’ ऐवजी ‘एसडीए 5’ निवडलं आणि फॉरमॅट केलं. पाचव्या हिश्शात आजोळचे जुने फोटो होते, आईने दोन उन्हाळे बसून स्कॅन केलेले. कोण, कुठे, कुठलं साल, हे तिने प्रत्येक फाइलच्या नावातच लिहिलं होतं. दुसरी प्रत नव्हती. फोटोरेक नावाच्या मोफत प्रोग्रॅमने बरेचसे फोटो परत आणले, पण तो प्रोग्रॅम फाइलचा मजकूर शोधतो, नाव त्याला सापडत नाही. शेकडो माणसं आकडे लावून समोर आली. मग दिवाळीत आई, मावशी आणि दोन मामा लॅपटॉपभोवती बसले. विहिरीवरची मुलगी कोण, यावर दोन दिवस वाद चालला. त्यात अशा गोष्टी निघाल्या ज्या आईने लिहिलेल्या नावांत कधीच नव्हत्या. काही चेहरे मात्र कुणालाच ओळखता आले नाहीत, ते अजून आकड्यांनीच आहेत. आईचे दोन उन्हाळे मी घालवले, याचं मला आजही वाईट वाटतं. आणि डिस्क अखंड असती तर ती बैठक बसली नसती, हेही तितकंच खरं. तेव्हापासून घरात प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती असतात.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित आधार संपला. टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय नाही म्हणून ज्यांना विंडोज 11 अधिकृतपणे मिळत नाही, असे धडधाकट लॅपटॉप घरोघरी पडून आहेत. ते भंगारात देण्याआधी त्यांची वाटणी करावी. माझ्या भाचीकडे असाच एक होता. तिचा सगळा मजकूर आधी बाहेरच्या डिस्कवर घेतला, तो उघडून पाहिला, मग जीपार्टेड हा वाटणीचा प्रोग्रॅम सुरू केला. तिथे केलेले बदल नुसते रांगेत थांबतात, ‘अप्लाय’ दाबेपर्यंत डिस्कला हात लागत नाही. कोणत्या हिश्शात काय आहे ते मी तिच्याकडून आधीच कागदावर लिहून घेतलं होतं. तिचं बोट बटणापाशी थांबलं.

“मामा, पाच की सहा?”

मी कागद तिच्यापुढे सरकवला.