सविनय खुलासा मागविण्यात येत आहे

आपल्या महाविद्यालयांत कुणी कुणाचा अपमान करत नाही, 'खुलासा' मागवतात. विभागप्रमुख आणि सहकारी यांची टेबलं हातभर अंतरावर असतात. पण 'काल तास का घेतला नाही?' हा प्रश्न जावक क्रमांक घेऊन, शिपायाच्या हातून, पोचपावतीसह प्रवास करतो. उत्तरही तसंच येतं, खाली 'आपला विश्वासू'. प्रत प्राचार्यांना, माहितीसाठी. दुसरी प्रत संघटनेला, तीही माहितीसाठीच.

सौजन्य कमी पडतं असं मात्र म्हणू नका. भांडण जितकं जुनं, तितके 'सर' जास्त. 'सरांचा व्यासंग मोठाच आहे, पण...' इथपर्यंत वाक्य आलं की चर्चासत्रातले जाणते लोक चहाचा कप खाली ठेवतात. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला एवढे अलंकार परवडत नाहीत. त्याचा विधायक संवाद दोन शब्दांत आटोपतो: 'हो सर.' मानधन तासावर, आणि पुढच्या वर्षी मुलाखत घेणारे समोरच बसलेले.

१९९४ साली महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅक स्थापन झाली. तिला द्यायच्या स्वयंमूल्यमापन अहवालात 'विकेंद्रीकरण आणि सहभागी व्यवस्थापन' यावर लिहावं लागतं, आणि महाविद्यालयं भरभरून लिहितात. मूल्यांकनाच्या आठवडाभर आधी वर्षभराच्या विभागीय बैठकांची इतिवृत्तं एकाच बैठकीत तयार होतात. सगळे ठराव सर्वानुमते मंजूर. न झालेल्या बैठकीत मतभेद होणार तरी कसे? उच्च शिक्षणातला सर्वांत सुसंस्कृत संवाद वाचायचा असेल, तर ही इतिवृत्तं जरूर मागवा. अर्ज मात्र योग्य मार्गाने करा.